सहा जणांच्या ऑफिसचा पहिला फाइल सर्व्हर

प्लॉटरमधून ए-वन शीट बाहेर आली आणि त्यात जिना उजवीकडे होता. खरं तर तो दोन आठवड्यांपूर्वीच डावीकडे गेला होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सभासदांनी हात वर करून तो बदल मंजूर केला होता. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं दोन खोल्यांचं आर्किटेक्टचं ऑफिस, आणि त्या एका पुनर्विकासाच्या ड्रॉइंगच्या सात प्रती चार कॉम्प्युटरांवर पसरलेल्या. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सोसायटी' आणि एक 'फायनल सोसायटी खरं'. छापणाऱ्या मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिला जी 'फायनल' सापडली ती तिने छापली.

त्या आठवड्यात घाईघाईने एक नेटवर्क ड्राइव्ह आणला. आत एकच डिस्क, टेबलावर ठेवायची. चौदाव्या महिन्यात त्यातून टक-टक आवाज यायला लागला आणि एका सोमवारी तो उघडलाच नाही. दुसऱ्यांदा मात्र दुकानात जायच्या आधी कागद-पेन घेऊन बसलो. पुढे वाशीतल्या एका सीए मैत्रिणीचं आणि बेलापूरच्या एका क्लिअरिंग एजंटांचं (बंदरातून माल सोडवून देणाऱ्यांचं) ऑफिस लावून देताना तोच कागद कामाला आला. तो इथे सविस्तर मांडते आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, त्यामुळे ज्या गोष्टी मला कळायला वेळ लागला त्या जरा जास्त लांबवल्या आहेत.

सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि लुकलुकणारं कपाट येतं. छोट्या ऑफिसला लागतो तो चपलांच्या खोक्याएवढा डबा. आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे विजेची एक आणि नेटवर्कची एक वायर. दुकानात त्याला 'नॅस' म्हणतात.

आधी बघा, लागतो तरी का

तुमचं काम वर्ड, एक्सेल आणि मेलवर चालत असेल, माणसं लॅपटॉप घेऊन फिरत असतील, तर गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्षाचं पॅकेज घ्या आणि हा लेख इथेच सोडा. खरंच सांगते, एका मित्राला मी हेच सांगितलं आणि तो सुखी आहे. सर्व्हर कामाला येतो तो मोठ्या फाइलींना: ड्रॉइंग, रेव्हिट सॉफ्टवेअरमधलं इमारतीचं थ्रीडी मॉडेल, साइटचे फोटो आणि व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद. त्या फाइलींवर एकाच छपराखाली बसून चार-सहा जण रोज काम करत असतील तर तो वसूल होतो. ४०० एमबीचं मॉडेल दर वेळी इंटरनेटवरून उतरवून घ्यायला कोणालाही वेळ नसतो.

वाईट दिवसाचा कागद

एका कोऱ्या कागदावर दोन प्रश्न लिहा आणि उत्तरं मालकाकडून घ्या, कॉम्प्युटरवाल्याकडून नको. एक: आज सगळं गेलं, तर किती तासांचं काम पुन्हा केलं तर चालेल? दोन: फाइलींशिवाय ऑफिस किती वेळ तग धरेल?

आमची उत्तरं होती 'एक दिवसाचं काम' आणि 'दोन दिवस'. सीए मैत्रिणीने आधी तेच लिहिलं, मग रिटर्न भरण्याचा शेवटचा आठवडा आठवला आणि खोडून 'एक तास' आणि 'अर्धा दिवस' केलं. त्या खोडाखोडीने तिची अर्धी खरेदी ठरली, कारण बॅकअप किती वेळाने घ्यायचा, सुटी डिस्क जवळ ठेवायची की नाही, ही सगळी उत्तरं त्या दोन आकड्यांमधूनच येतात. दुकानदार पहिला प्रश्न 'किती टीबी?' हाच विचारतो. तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे.

मोजणी

त्यासाठी एक शनिवार दुपार काढा. प्रत्येक कॉम्प्युटरवर विनडिरस्टॅटसारखं एखादं फुकट साधन चालवलं की कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं. आम्ही तीन टीबीचा अंदाज धरून बसलो होतो. निघाले ९०० जीबी. एका कॉम्प्युटरवर २१० जीबी लग्नाचे व्हिडिओ होते (कोणाचं लग्न ते लिहीत नाही), आणि एकाच साइटचे फोटो तीन ठिकाणी, व्हॉट्सॲपवरून आलेले धरून चार.

आता वाढ. मागच्या सहा महिन्यांत किती नव्या फाइली झाल्या ते तारखेनुसार बघितलं, तर महिन्याला साधारण २० जीबी. तीन वर्षांचे ७२०. आजचे ९०० धरून झाले १,६२०. फाइलींच्या जुन्या आवृत्त्यांसाठी पाव भाग वर ठेवला: २,०२५. डिस्क गच्च भरली की डबा रडतखडत चालतो, म्हणून ऐंशी टक्क्यांच्या वर जायचं नाही असं ठरवलं: म्हणजे सुमारे २,५३० जीबी हवे. बाजारात त्याच्या वरचं सोयीचं माप म्हणजे चार टीबी. हे चार टीबी विंडोजमध्ये ३.६३ दिसतात. त्यात कोणी फसवत नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या.

किती वर्षं ठेवायचं हेही याच कागदावर लिहा. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं, आणि ती कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला हवा. हा 'रोज' ऑगस्ट २०२२ मध्ये आला, त्याआधी नियमात 'ठरावीक काळाने' असं होतं. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या, कारण प्रोप्रायटर, भागीदारी आणि कंपनी यांचे नियम सारखे नाहीत.

डिस्क

दुकानात 'रेड' म्हटलं की दोन अर्थ होतात. एक, अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत. दुसरा, एका कंपनीच्या डिस्कवरचं लाल लेबल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मी दहा मिनिटं एका अर्थाने बोलत होते आणि काउंटरवरचा मुलगा दुसऱ्या.

पहिल्या अर्थाचं थोडक्यात: दोन डिस्क घेतल्या आणि दोन्हींवर तेच लिहिलं, तर त्याला रेड १ किंवा मिरर म्हणतात. चार टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा चारचीच मिळते, पण एक मेली तरी ऑफिस चालू राहतं. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यातली एकीएवढी जागा राखीव जाते. जागेच्या हिशोबात ते स्वस्त पडतं, पण एक डिस्क बदलली की उरलेल्या सगळ्या कोपरान् कोपरा वाचाव्या लागतात, आणि त्याच वयाची दुसरी डिस्क नेमकी त्या ताणात मरू शकते. पहिल्याच सर्व्हरला दोन डिस्कचा मिरर घ्या. समजायला सोपा, दुरुस्त करायलाही सोपा. चार टीबीची डिस्क पुन्हा भरून निघायला, डब्यावर दुसरं काम नसेल तरी सात-आठ तास जातात, तेव्हा शक्यतो संध्याकाळी बदला.

दुसऱ्या अर्थाकडे जरा नीट बघा. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमधल्या पट्ट्या शेजारी-शेजारी सुट्या असतात. एसएमआरमधल्या कौलारू छपरासारख्या असतात, एक कौल दुसऱ्यावर चढलेलं. मधलं एक कौल बदलायचं तर वरची काढून पुन्हा बसवावी लागतात. घरी सिनेमे साठवायला हे चालतं. सर्व्हरमध्ये डिस्क पुन्हा भरताना तिचा दम निघतो. २०२० मध्ये उघड झालं की लाल लेबलच्या काही साध्या डिस्कही एसएमआर होत्या. त्यानंतर त्या लाल लेबलवाल्या कंपनीने, डब्ल्यूडीने (वेस्टर्न डिजिटल), सीएमआर डिस्कांना 'रेड प्लस' हे वेगळं नाव दिलं. सीगेटच्या 'आयर्नवुल्फ' सीएमआर आहेत. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं 'फोर टीबी नॅस डिस्क' लिहून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. आणि सीसीटीव्ही लावणारा ओळखीचा असेल तर तो कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली डिस्क पुढे करेल. त्याच्याकडे ती पडून असते. प्रेमाने नाही म्हणा.

पाकीट फोडायच्या आधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात चालते का ते बघा, आणि बिलावर तोच नंबर लिहून घ्या. जमल्यास दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातली जुळी भावंडं आजारीही एकत्र पडतात.

डबा

तीन वाटा आहेत. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर अशांचा तयार डबा; जुन्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकट सॉफ्टवेअर; किंवा कंपनीचा खराखुरा टॉवर सर्व्हर. जुन्या कॉम्प्युटरची वाट मला आवडते, पण ऑफिसात ते निगुतीने बघणारं माणूस असेल तरच. आमच्याकडे नव्हतं. सहा जणांना तिसरी वाट म्हणजे डोंबिवलीला जायला विमान. दोन कप्प्यांचा तयार डबा घ्या, आणि घेताना एकच गोष्ट अडून विचारा: यात स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवायची, सोय आहे का? बीटीआरएफएस किंवा झेडएफएस (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती) यांपैकी काही चालतं का? सगळ्यात स्वस्त मॉडेलांत ती सोय बऱ्याचदा नसते, आणि तिचं महत्त्व पुढे येतंय. डिस्क घेण्याआधी डब्याच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या डिस्कांची यादीही बघून घ्या.

वीजबिलाची भीती नको. दोन डिस्कचा डबा साधारण ३० वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवून महिन्याला बावीसएक युनिट.

वायर

माझं सगळ्यात जास्त डोकं याने खाल्लं, आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

नवा डबा लावला, सगळे खूश, आणि ४० जीबीचं एक फोल्डर टाकायला तासभर लागला. हिशोबाने सहा मिनिटं लागायला हवी होती. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, जुन्या १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवर ११ (एमबीपीएसमधला 'बी' बिटचा, आठ बिटांचा एक बाइट). आम्हाला बरोब्बर ११ मिळत होते.

पहिला चोर सापडला इंटरनेटवाल्याच्या राउटरमध्ये. त्याची मागची भोकं शंभरचीच होती. म्हणून आठ पोर्टचा, म्हणजे आठ वायरी जोडता येणारा, गिगाबिट स्विच वेगळा घ्या. सगळे कॉम्प्युटर आणि डबा त्या स्विचला, आणि स्विचमधून एकच वायर राउटरला. इंटरनेट बंद पडलं तरी फाइली चालू राहतात, हा वरचा फायदा.

तरीही दोन कॉम्प्युटर ११ वरच. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटचा वेग लिहिलेला असतो. चौघांकडे '१००० एमबीपीएस', या दोघांकडे '१००'. केबल बदलणाऱ्या मुलाने भिंतीतला जॅक उघडला. आत आठपैकी सहाच तारा दाबलेल्या, निळी आणि निळी-पांढरी नुसतीच मागे दुमडून ठेवलेली. शंभरच्या वेगाला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्या जादाच्या चारांतली एक जरी सैल असली तरी दोन्ही टोकं बहुतेकदा गुपचूप शंभरवर येतात, कुठे तक्रार करत नाहीत, लाल दिवा लागत नाही. पाच वर्षं ते तसंच होतं आणि नेट चालत होतं म्हणून कोणाला कळलंही नाही. त्याने आठही तारा पुन्हा दाबल्या, वीस मिनिटं लागली.

नवी केबल टाकायची असेल तर कॅट सिक्स, अख्ख्या तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो. पात्याने टोक खरवडलं की आतून चंदेरी निघतं. नौपाड्यातल्या, चरईतल्या जुन्या इमारतींत उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पोटमाळ्यावरून मोकळी केबल सोडू नका, पट्टीत किंवा पाइपात घाला. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. आज ते वेडेपणाचं वाटतं.

जागा आणि वीज

एसीच्या खाली नको, जुलैत एसी कधी टपकेल सांगता येत नाही. बंद कपाटात नको, मे महिन्यात रात्री एसी बंद असतो तेव्हा आतल्या डिस्का तापतात. ५० अंशांवर गेल्या की मेल यावा असं सेट करा. जमिनीवर तर नकोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ज्यांचं ऑफिस तळमजल्यावर आहे त्यांना जास्त सांगायला नको. छातीच्या उंचीची भिंतीवरची फळी उत्तम.

यूपीएस हवाच. इन्व्हर्टर आहे म्हणून सोडू नका. साधा घरगुती इन्व्हर्टर बदली करताना जो क्षणभर घेतो, तेवढ्यात डबा बंद पडू शकतो, आणि वीज गेल्याचं तो डब्याला सांगत नाही. डबा, स्विच आणि राउटर मिळून पन्नास वॅटही होत नाहीत, तेव्हा ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो, पण मागे यूएसबीचं भोक असलेला घ्या. ती वायर डब्याला जोडली की वीज गेल्यावर पाच मिनिटांनी डबा फाइली नीट मिटवून स्वतः झोपतो. महावितरणचा देखभालीचा मेसेज आधी येतो, पण पावसाळ्यातली वीज मेसेज करून जात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलंच आहे तर त्या प्लगचं अर्थिंग खरंच आहे का तेही तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक कित्येकदा शोभेचं असतं.

आमच्याकडे एका सकाळी यूपीएस किंचाळून बंद पडला. मावशींनी चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच्या मागच्या रिकाम्या प्लगमध्ये लावली होती. किटली १,५०० वॅटची, ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद ३६० वॅटची. चूक मावशींची नाही, रिकामा प्लग दिसला की माणूस लावणारच. आता तिथे प्लॅस्टिकची झाकणं आहेत आणि किटलीला स्वतःचा बोर्ड.

फोल्डर आणि हक्क

माणसांच्या नावाने फोल्डर करू नका. माणूस सोडून जातो, फोल्डर राहतं आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. कामाच्या नावाने करा. आमच्याकडे वर चारच आहेत: प्रकल्प, हिशोब, देवाणघेवाण, जुनं. 'प्रकल्प'मध्ये प्रत्येक कामाला नंबर, आत सगळीकडे तीच ठरलेली पोटफोल्डरं. चालू ड्रॉइंग एकाच जागी, आणि बाहेर पाठवलेलं 'पाठवलं' नावाच्या फोल्डरमध्ये, तारीख पुढे लावून: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे आपोआप क्रम लागतो. 'फायनल' शब्दावर बंदी आहे. एकावर एक पंधरा फोल्डर रचू नका, कारण पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजमधली कितीतरी सॉफ्टवेअर फाइल उघडत नाहीत.

प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. सगळ्यांनी एकच 'ऑफिस' नावाचं लॉगिन वापरायचं, किंवा पासवर्डशिवाय उघडं ठेवायचं, हा मोह आवरा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचं शेअर तसंही सरळ उघडत नाही. आणि हक्क कंजूसपणे द्या. अकाउंट्सच्या काकांना ड्रॉइंग वाचता आली तरी बदलता यायला नकोत. यात अविश्वास नाही. व्हायरस ज्याच्या कॉम्प्युटरवर शिरतो, त्याला जिथे लिहिता येतं तिथेच तो नासधूस करतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात सगळे मेल साठतात) सर्व्हरवर ठेवून उघडू नका, मायक्रोसॉफ्टच तसं वापरू नका म्हणतं. आणि टॅली उघडी असताना तिच्या फोल्डरची नुसती कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. टॅलीतून तिचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि तो सर्व्हरवर टाका.

बॅकअप

दोन डिस्कचा मिरर म्हणजे बॅकअप, असं समजून आम्ही दोन महिने निवांत होतो. मग एका मुलाने चुकून एक फोल्डर पुसलं, आणि ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी गेलं. मिररचं कामच ते. डिस्क मेली तर तो वाचवतो. चुकलेला हात, व्हायरस, चोरी, पाणी यांतल्या कशातूनही वाचवत नाही.

पहिली भिंत स्नॅपशॉटची. डबा ठरावीक वेळी फाइलींचा त्या क्षणीचा फोटो काढून ठेवतो. बदललेलं तेवढंच साठतं, म्हणून जागा फार लागत नाही. आमचा दिवसा दर तासाला एक, त्यातले चोवीस तासांचे ठेवतो. रोजचा एक, महिनाभर. दुपारी दोनला कोणी घोळ घातला तर एकचं चित्र परत मिळतं. पण स्नॅपशॉट त्याच डब्यात असतो, म्हणजे डब्याबरोबर जातो.

म्हणून तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर. दोन यूएसबी डिस्क घ्या, दोन्ही पासवर्डने कुलूपबंद केलेल्या. एक आठवडाभर डब्याला लावलेली, दर रात्री तिच्यावर कॉपी. शुक्रवारी ती काढून दुसरी लावायची आणि पहिली घरी न्यायची. आमची एक डिस्क कायम मुलुंडला कोणाच्या तरी कपाटात असते.

ती 'काढलेली' असणं महत्त्वाचं आहे. २७ जून २०१७ ला न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं, आणि नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्कचे जगभरचे कॉम्प्युटर त्या दिवशी खाल्ले होते. बेलापूरच्या आमच्या एजंटांना तो आठवडा पुन्हा आठवायचा नाही. नंतर छापून आलेली गोष्ट अशी, की कंपनीचे नेटवर्क सांभाळणारे मुख्य सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवायचे आणि म्हणून सगळे एकत्रच गेले. एक तेवढा वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढी मोठी कंपनी त्या एका प्रतीवरून पुन्हा उभी राहिली. आपण शुक्रवारी यूएसबी डिस्क काढतो तेव्हा तेच करतो, फक्त लोडशेडिंगवर विसंबून राहत नाही.

क्लाउडवर तिसरी प्रत ठेवायची तर पहिल्या चढवणीचा हिशोब करा. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल तर ९०० जीबीला सलग चाळीस तास, १० असेल तर आठ दिवसांहून जास्त. सीए मैत्रिणीने सगळं न चढवता फक्त चालू वर्ष चढवलं, आणि ते शहाणपणाचं होतं.

बाहेरून बघायचं असेल तर

साइटवरून ड्रॉइंग उघडता यावं असं सगळ्यांना वाटतं. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून डबा थेट इंटरनेटवर ठेवू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने असेच उघडे ठेवलेले क्यूनॅपचे डबे शोधून कुलूपबंद केले. व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांना आत घेणारी बंद वाट लावा, टेलस्केलसारखं साधन अर्ध्या तासात बसतं. तरीही काही झालंच, तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, तेव्हा तो मेलचा पत्ता आधीच लिहून ठेवा.

हलवाहलव

फाइली हलवायच्या आधी, डबा रिकामा असताना, चालू डब्यातून एक डिस्क सरळ ओढून काढा. हो, खरंच. डबा ओरडतो का, मेल येतो का, ओरडणं बंद कुठून करायचं, डिस्क परत घातल्यावर भरणं सुरू होतं का, हे सगळं शांतपणे बघून घ्या. खऱ्या दिवशी हात थरथरत असतात.

मग शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचं काम थांबवून रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कॉपी करायच्या साधनाने एकेका कॉम्प्युटरवरचं डब्यावर घ्या. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळतो का ते बघा. जुन्या जागच्या फाइली पुसू नका, पण फोल्डरचं नाव 'जुनं, हात लावू नका' असं बदला, नाहीतर सोमवारी सवयीने अर्धे जण तिथेच काम करतात. महिन्याभराने पुसा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे सगळ्यात नवी आलेली मुलगी कुठलीही एक फाइल निवडते आणि ती मुलुंडच्या डिस्कवरून परत आणायची असते. पहिल्याच वेळी फजिती झाली. डिस्क आली, लावली, तिने पासवर्ड मागितला, आणि तो ज्याने ठेवला होता तो कोकणात गावाला, मोबाइलला रेंज नाही. तेव्हापासून एक कागद आहे: डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता, मुख्य पासवर्ड, यूएसबी डिस्कांचे पासवर्ड, चारही डिस्कांचे सीरियल नंबर, वॉरंटीच्या तारखा, यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते, आणि केबलवाल्या मुलाचा फोन. बंद पाकिटात त्याच्या दोन प्रती आहेत, एक माझ्या घरी आणि एक भागीदाराच्या. पाकिटावर तारीख घालायची राहून गेली होती, ती परवा घातली.